गरिबांची ठेव, गावाची हमी : जर्मन बचतपेढीचा इतिहास

बचतीचा उपदेश गरिबाला नेहमीच केला जातो. उपदेश करणारा बहुधा खाऊनपिऊन सुखी असतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती महिनाअखेर काही उरलेले नसते. त्यामुळे ‘बचत’ या शब्दात श्रमिक माणसाला उपहासाचा वास येतो आणि तो अगदीच खोटा असतो असे नाही. परंतु या उपदेशामागे एक व्यवहारी प्रश्नही दडलेला आहे. कष्टकऱ्याने चार पैसे मागे टाकायचे ठरवलेच, तर ते ठेवायचे कोठे? उशाखाली ठेवले तर चोर नेतो. मालकाकडे ठेवले तर मालक देईल तेव्हा खरे. सावकाराकडे गरीब माणूस जातो तो ठेवायला नव्हे, काढायला. अठराव्या शतकातील युरोपातल्या पेढ्या व्यापाऱ्यांच्या आणि सरदारांच्या होत्या. मोलकरणीची चार नाणी मोजून घेण्यात त्यांना रस नव्हता.

या प्रश्नाचे एक उत्तर जर्मनीतील शहरांनी आणि पुढे लहान लहान गावांनी शोधले. त्या उत्तराचे नाव ‘श्पारकासे’, म्हणजे बचतपेढी. लाल रंगाचे ‘एस’ हे अक्षर आणि त्यावर एक टिंब, अशी तिची खूण आजही जर्मनीच्या गावोगावी दिसते. या संस्थेला मालक नाही, भागधारक नाहीत, आणि तरीही ती सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. ती कशी जन्मली, कोणाच्या पैशावर वाढली आणि संकटाच्या वेळी तिने कोणाला वाचवले व कोणाला सोडून दिले, हे पाहिले की पैसा आणि समाजसत्ता यांचे नाते बरेच उलगडते. कार्यकर्त्याने अर्थशास्त्र पुस्तकातून शिकावेच. पण एखादी संस्था उभी-आडवी वाचूनही ते शिकता येते.

दयाबुद्धीचा हिशेब

१७७८ साली हांबुर्ग शहरातील लोकहितवादी श्रीमंतांच्या एका मंडळाने एक सार्वजनिक कल्याण-संस्था काढली आणि तिच्यात गरिबांच्या बचतीचा एक स्वतंत्र विभाग ठेवला. मोलकरणी, रोजंदार, हातावर पोट असणारे कारागीर, खलाशी यांच्यासाठी तो होता. म्हातारपण, आजारपण, मुलीचे लग्न यांसाठी त्यांनी थोडे थोडे साठवावे आणि त्यावर त्यांना व्याज मिळावे, अशी योजना होती. १७८६ साली ओल्डेनबुर्गच्या राज्यकर्त्याने आपल्या मुलखात अशीच पेढी काढली. ती आजही चालू आहे. १८०१ साली ग्योटिंगेन या विद्यापीठाच्या गावाने पुढचे पाऊल टाकले. तेथील पेढी कोणा राजाची वा धनिक मंडळाची नव्हती. ती गावाने काढली आणि ठेवींची हमीही गावानेच घेतली. जर्मन बचतपेढीचा खरा साचा येथे तयार झाला.

या पुढाकारामागे कोणती बुद्धी होती? करुणा होतीच. पण करुणेच्या पोटात हिशेबही होता. अनाथ, अपंग आणि निराधार यांना पोसण्याचा भार गावाच्या तिजोरीवर पडत असे. गरिबाने तरुणपणी साठवले तर म्हातारपणी तो गावाच्या दारात उभा राहणार नाही, असा तो हिशेब होता. दारिद्र्य हे मजुरीच्या दरातून येते हे मान्य करण्यापेक्षा ते उधळपट्टीतून येते असे मानणे वरच्या वर्गाला नेहमीच सोयीचे असते. तरीही त्या काळच्या नियमांत एक गोष्ट मोलाची होती. अनेक पेढ्यांनी ठेवीवर वरची मर्यादा घातली. श्रीमंतांनी गरिबांसाठी ठरवलेले चांगले व्याज लाटू नये, हा त्यामागचा हेतू. सवलत कोणासाठी आहे हे नियमात लिहून ठेवले नाही, तर ती खाली उतरेपर्यंत वरच्या हातांतच विरते, याची जाण त्या नियमकर्त्यांना होती.

पासबुक आणि गहाणखत

प्रशियाच्या राज्यसरकारने १२ डिसेंबर १८३८ रोजी बचतपेढ्यांसाठी नियमावली जाहीर केली. पेढी गावाने किंवा तालुक्याने काढावी, तिच्या देण्याची जबाबदारी त्या गावाने घ्यावी, तिचा पैसा गावाच्या इतर पैशापासून वेगळा ठेवावा आणि गरीब वर्गाच्या गरजा प्रथम ध्यानी घ्याव्यात, असा तिचा आशय होता. ठेवीदाराच्या हाती एक छोटे पुस्तक येई. त्यात प्रत्येक भरणा, प्रत्येक उचल आणि वर्षाचे व्याज लिहिले जाई. ज्यांच्याकडे जमिनीचा कागद नव्हता, घराचा दाखला नव्हता, त्यांच्या आयुष्यात स्वतःच्या नावाने असलेला हा बहुधा पहिला कागद होता. त्याचे मानसिक मोल कमी लेखू नये.

आता दुसरी बाजू पाहू. जमलेला पैसा पेढी तिजोरीत कोंडून ठेवत नसते. तो कर्जाऊ दिल्याशिवाय व्याज येणार कोठून? आणि कर्ज द्यायचे तर तारण हवे. सर्वांत सुरक्षित तारण म्हणजे घर आणि जमीन. त्यामुळे बचतपेढ्यांच्या पैशाचा मोठा भाग गहाणखतांवर जाई. ज्याच्याकडे घर होते त्याला दुसरा मजला चढवण्यासाठी कर्ज मिळे, ज्याच्याकडे शेत होते त्याला शेत वाढवण्यासाठी मिळे. ज्या मोलकरणीच्या ठेवीतून हे कर्ज निघे, तिला मात्र तारण नसल्यामुळे दारातूनच परत जावे लागे. तिला ठेवीवर व्याज मिळे, पत मिळत नसे. गरिबांचा पैसा सुरक्षित झाला, पण तो कामाला लागला तो मालमत्ताधारकांच्या.

उरलेला नफा गावाच्या कामी येई. रस्ते, शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा यांना बचतपेढीच्या नफ्याचा हातभार लागला, हे खरेच आहे. पण हा नफा कोठे खर्च करायचा हे ठरवणारे कोण होते? प्रशियाच्या बहुतेक शहरांत १९१८ पर्यंत मतदार तीन वर्गांत विभागलेले होते आणि ही विभागणी भरलेल्या करावर होती. थोडे मोठे करदाते एक तृतीयांश सभासद निवडीत आणि हजारो लहान करदाते मिळूनही तेवढेच. स्त्रियांना तर मताचा अधिकारच नव्हता. म्हणजे जिच्या कष्टाच्या पैशावर पेढी उभी होती, त्या मोलकरणीला त्या पेढीच्या कारभारात काडीचाही आवाज नव्हता. संस्था गरिबांसाठी असणे आणि संस्था गरिबांची असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

स्वावलंबन की सत्ता?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या विषयावर जर्मनीत मोठा वाद झडला. डेलित्श या छोट्या गावातील न्यायाधीश हेर्मान शुल्त्से यांनी १८४९ साली तेथील सुतारांची आणि चांभारांची कच्चा माल एकत्र खरेदी करण्याची मंडळे काढली आणि १८५० साली सभासदांना कर्जे देणारी पतसंस्था काढली. कारागिरांनी आपली बचत आपल्याच हाती ठेवावी, एकमेकांचे जामीन व्हावे आणि सरकारकडे हात पसरू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ऱ्हाइन भागातील फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझन यांनी १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात धान्यवाटपाचे मंडळ काढले आणि पुढे शेतकऱ्यांच्या पतपेढ्या उभ्या केल्या.

याला कडाडून विरोध केला तो फेर्डिनांड लासाल यांनी. १८६३ साली लाइपझिगच्या कामगारांना लिहिलेल्या खुल्या पत्रात त्यांनी मांडले की, चालू व्यवस्थेत मजुरी जगण्यापुरत्या पातळीलाच येऊन थांबते. म्हणून बचतमंडळे आणि ग्राहकमंडळे यांच्यामुळे एखाददुसरा कामगार सावरेल, पण कामगारवर्ग वर येणार नाही. त्यासाठी सार्वत्रिक मताधिकार हवा आणि कामगारांच्या उत्पादक मंडळांना राज्याने भांडवल पुरवायला हवे. मजुरीच्या या ‘पोलादी नियमा’वर पुढे मार्क्सनेही टीका केली. तरीही लासाल यांच्या प्रश्नाची धार बोथट झालेली नाही. ज्याच्या मजुरीतून काही उरतच नाही त्याला बचत शिकवून काय होणार? आणि ज्याला सत्तेत वाटा नाही त्याची बचत शेवटी कोणाच्या उपयोगी पडणार?

या वादाशी आपला थेट संबंध आहे. मद्रास सरकारने फ्रेडरिक निकोल्सन या अधिकाऱ्याला युरोपातील ग्रामीण पतसंस्थांचा अभ्यास करण्यासाठी पाठवले आणि १८९५ व १८९७ साली त्यांनी दिलेल्या अहवालांत राइफायझनचा नमुना उचलून धरला. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा याच विचारातून आला. महाराष्ट्रातील पतपेढीची वंशावळ अशी ऱ्हाइनकाठच्या खेड्यांपर्यंत जाऊन पोचते. मात्र आपल्याकडे आला तो सभासदांच्या सहकाराचा नमुना. गावाने हमी घेतलेली, कोणाच्याच मालकीची नसलेली बचतपेढी आपल्याकडे रुजली नाही.

नोसेन गावचा महापौर

सॅक्सनी प्रांतात फ्रायबेर्गर मुल्डे नदीच्या काठी नोसेन नावाचे एक छोटे गाव आहे. जर्मन बचतपेढीच्या इतिहासात या गावाचे नाव कोरले गेले ते तेथील महापौर योहान क्रिस्टियान एबर्ले यांच्यामुळे. एबर्ले यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. मोठा व्यापारी पैसे पाठवायचा तर बँकेतल्या बँकेत, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवी; नाण्यांची थैली बाळगण्याची त्याला गरज नसे. मध्यवर्ती बँकेने ही सोय १८७६ पासून केली होती, पण त्यासाठी खात्यावर कायम मोठी शिल्लक ठेवावी लागे. लहान दुकानदार, लोहार, शिवणकाम करणारी बाई यांना ते परवडणारे नव्हते. बचतपेढीत त्यांचा पैसा होता, पण तो तेथे नुसता पडून असे. तेथून कोणाला काही चुकते करता येत नसे.

१९०८ च्या धनादेश कायद्याने सार्वजनिक बचतपेढ्यांना या व्यवहाराची वाट मोकळी झाली. एबर्ले यांनी सॅक्सनीतील गावांना एकत्र आणून त्यांचा एक ‘गिरो’ संघ स्थापन केला आणि २ जानेवारी १९०९ रोजी त्याचे काम सुरू झाले. ‘गिरो’ म्हणजे पैशाचे खात्यातून खात्यात फिरणे. एकेकट्या गावची पेढी दुबळी होती. शेकडो गावांच्या पेढ्या एका जाळ्यात विणल्या गेल्यावर लहान माणसालाही मोठ्या व्यापाऱ्यासारखा व्यवहार करता येऊ लागला. पुढे प्रत्येक प्रांतात असे संघ निघाले आणि १९२४ साली सर्वांचा मिळून एक राष्ट्रीय संघ झाला.

यातील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. मोठ्या बँकेशी टक्कर देण्यासाठी गावच्या पेढ्यांनी स्वतःला मोठी बँक करून घेतले नाही. प्रत्येकीने आपल्या गावाची वेस सांभाळली, दुसरीच्या वेशीत धंदा करायचा नाही हे पाळले, आणि जे एकटीला जमत नव्हते तेवढेच एकत्र केले.

आकड्यांची हमी

१९१३ साली जर्मनीत तीन हजारांहून अधिक बचतपेढ्या होत्या आणि त्यांत सुमारे २० अब्ज मार्कांच्या ठेवी होत्या. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. सरकारने १९१४ ते १९१८ या काळात नऊ वेळा युद्धकर्ज उभारले आणि सुमारे ९८ अब्ज मार्क गोळा केले. बचतपेढ्यांनी ही रोखे-विक्री गावोगाव केली, ठेवीदारांना रोखे घ्यायला लावले आणि स्वतःही घेतले. म्हातारपणासाठी साठवलेला पैसा तोफांच्या तोंडी गेला.

युद्ध हरल्यावर सरकारने नोटा छापून देणी भागवायला सुरुवात केली. १९१४ साली एका डॉलरला ४.२ मार्क पडत होते. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. शेवटी नवे चलन आले आणि एक लाख कोटी कागदी मार्कांना एक नवा मार्क, असा दर ठरला. एखाद्या मोलकरणीने आयुष्यभर राबून १००० मार्क साठवले असतील, तर त्याचे मोल नव्या चलनात किती? एका नव्या पफेनिगला, म्हणजे मार्काच्या शंभराव्या भागाला, १००० कोटी जुने मार्क लागत. म्हणजे तिचे हजार मार्क हे एका पफेनिगचा एक कोटीवा भाग झाले. गावाची हमी मात्र अभंग होती! पासबुकात लिहिलेला आकडा गाव द्यायला तयार होते. हमी आकड्याची होती, भाकरीची नव्हती.

याच वेळी दुसरीकडे काय झाले? ज्यांनी घर-जमीन गहाण टाकून त्याच ठेवींतून कर्ज घेतले होते, त्यांनी मूठभर कागदी नोटा मोजून गहाण सोडवले. ठेवीदार बुडाला आणि कर्जदार मालमत्तेसह मोकळा झाला. १९२५ साली कायदा करून गहाणकर्जाचे २५ टक्के आणि बचतपेढीतील ठेवींचे किमान साडेबारा टक्के मोल पुन्हा मान्य करण्यात आले, आणि तेही हळूहळू देण्याच्या बोलीवर. ज्या दशकात हे घडले त्याच दशकात, ऑक्टोबर १९२४ मध्ये, मिलान शहरात बचतपेढ्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ३१ ऑक्टोबर हा दिवस जागतिक बचतदिन ठरला. ज्यांची बचत वर्षभरापूर्वी राख झाली होती त्यांना पुन्हा बचतीचे गुण सांगण्यात आले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव दाखल केले होते, आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली, जर्मन मार्क कोसळला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. त्याचा विषय हिंदुस्थानचा रुपया आहे; परंतु त्यातला गाभ्याचा विचार येथे आठवल्यावाचून राहत नाही. चलनाचे स्थैर्य म्हणजे परकी चलनाशी असलेला दर नव्हे, तर त्या चलनाने बाजारात काय विकत घेता येते त्याचे स्थैर्य, असे बाबासाहेबांनी आग्रहाने मांडले. नोटा छापण्याच्या सरकारच्या हाताला कायद्याची वेसण हवी, हा त्यांचा दुसरा आग्रह. ज्याच्याकडे जमीन नाही, सोने नाही, फक्त मजुरी आणि पासबुक आहे, त्याच्या दृष्टीने हा पोटाचा प्रश्न असतो.

‘गाव’ म्हणजे कोण?

१९३१ च्या बँकसंकटात आणखी एक उणीव उघडी पडली. अनेक गावांनी आपल्याच बचतपेढीतून मोठी कर्जे उचलली होती आणि ती फेडता येईनात. जो हमीदार तोच कर्जदार, असा हा प्रकार. त्या वर्षीच्या आणीबाणीच्या वटहुकमांनी पेढी गावाच्या कारभारापासून वेगळी केली आणि तिला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व दिले. हमी मात्र गावाचीच राहिली.

त्यानंतर दोन वर्षांत हिटलर सत्तेवर आला. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने सरकारी व सार्वजनिक नोकऱ्यांतून ज्यू माणसांना काढून टाकण्यात आले आणि बचतपेढ्या सार्वजनिक संस्था असल्याने तेथेही तो लागू झाला. एप्रिल १९३८ मध्ये पाच हजार मार्कांहून अधिक संपत्ती असणाऱ्या ज्यूंना तिची नोंद करणे सक्तीचे झाले. नोव्हेंबरात त्यांची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, आणि वर त्यांच्यावरच एक अब्ज मार्कांचा दंड बसवला गेला. खाती गोठवली गेली. स्वतःच्या पैशातून महिन्याला किती काढायचे हे अधिकारी ठरवू लागला. २५ नोव्हेंबर १९४१ च्या हुकमाने देशाबाहेर गेलेल्या ज्यूची संपत्ती राज्याच्या मालकीची झाली, आणि मृत्यूच्या छावण्यांकडे हाकलत नेलेली माणसेही ‘बाहेर गेलेली’ मानली गेली. हे सारे गल्ल्यावर बसलेल्या कारकुनांच्या हातून, व्यवस्थित नोंदी करून पार पडले. पासबुक तेच, खाते तेच, शेजारीही तेच होते. फक्त ‘गाव’ या शब्दातून काही माणसे वगळली गेली होती. अनेक पेढ्यांच्या वर्धापनदिनाच्या पुस्तकांत हे पान दीर्घकाळ कोरेच राहिले.

उरलेल्या जनतेची बचतही मोकळी नव्हती. ठेवींचा पैसा गाजावाजा न करता सरकारी रोख्यांत आणि त्यातून युद्धात वळवला गेला. १९४१ च्या अखेरीस पगारातून परस्पर कापून घेण्याची आणि युद्ध संपेपर्यंत न मिळणारी बचत सुरू झाली. तिला ‘पोलादी बचत’ म्हणत.

एक पासबुक, चार चलने

२० जून १९४८ रोजी पश्चिम जर्मनीत नवे चलन आले. मजुरी आणि भाडी एकास एक या दराने बदलली. बचतीच्या शंभर जुन्या मार्कांचे मात्र अखेरीस साडेसहा नवे मार्क झाले. कारखान्याचे, घराचे, जमिनीचे मालक आपापल्या जागी शाबूत राहिले. जुन्या बचतदारांना पुढे १९५३ च्या कायद्याने काही भरपाई मिळाली.

नोसेन गाव रशियन अमलाखालच्या पूर्व भागात होते. तेथे १९४५ साली जुनी खाती गोठवून पेढ्या नव्याने काढल्या गेल्या. १९४८ च्या चलनबदलात मात्र लहान बचतदाराकडे पाहण्यात आले. पहिले शंभर मार्क एकास एक, हजारापर्यंतचे पाचास एक आणि त्यावरील दहास एक, असा चढता दर होता. १ जुलै १९९० रोजी पुन्हा चलन बदलले. तेव्हा वयानुसार दोन, चार किंवा सहा हजार मार्क एकास एक आणि उरलेले दोनास एक बदलून मिळाले. लहान ठेवीला आधी वाचवायचे असे ठरवले, तर ते करता येते, हे या दोन्ही वेळा दिसले. १९२३ आणि १९४८ च्या पश्चिमेत ते केले गेले नाही, कारण ते ठरवले गेले नाही.

युरोपीय महासंघाच्या आक्षेपानंतर २००१ साली तडजोड झाली आणि जुलै २००५ पासून नव्या देण्यांवरील गावाची जुनी हमी संपली. आता पेढ्या एकमेकींचा आधार देणाऱ्या सामायिक व्यवस्थेवर आणि कायद्याने ठरलेल्या ठेवसंरक्षणावर उभ्या आहेत. लहान पेढ्या शेजारच्या पेढ्यांत विलीन होत गेल्या आणि आज त्यांची संख्या साडेतीनशेच्या आसपास आहे. २०१६ च्या कायद्याने जर्मनीतील प्रत्येकाला, बेघराला आणि आश्रयार्थी निर्वासितालाही, बँकेत साधे खाते उघडण्याचा हक्क मिळाला. १७७८ साली जी गोष्ट दयेने सुरू झाली ती हक्क व्हायला २३८ वर्षे लागली.

गरिबांसाठी म्हणून उघडलेल्या कोणत्याही पेढीसमोर उभे राहून काही प्रश्न विचारता येतात. पैसा कोणाचा येतो आणि कर्ज कोणाला जाते? नफा कोठे खर्च होतो आणि ते ठरवताना ठेवीदाराचे मत कोण घेतो? हमी कशाची आहे, आकड्याची की मोलाची? आणि वाईट दिवस आले तर ‘आपली माणसे’ या यादीतून पहिले नाव कोणाचे खोडले जाईल? जर्मन बचतपेढीने पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर एबर्ले यांच्या काळात दिले. दुसऱ्याचे उत्तर मताधिकारासाठी झालेल्या लढ्यांनी दिले, तिसऱ्याचे फार मोठी किंमत मोजून मिळाले. चौथ्याचे उत्तर कोणतीही पेढी स्वतः देऊ शकत नाही. ते त्या गावातल्या माणसांनी, वाईट दिवस येण्याच्या आधीच द्यायचे असते.